दुपारी उकाडा, सायंकाळी वावधन : वादळी ढग तयार होतो तरी कसा?

अकोला/अमरावती : 9 एप्रिल 2023 चा रविवार बाळापूर तालुक्यातील पारसचे लोक विसरणार नाहीत. वादळी पावसापासून बचाव म्हणून भाविक बाबूजी महाराज मंदिराच्या टिनशेडखाली थांबले होते. त्याच शेडवर जुने कडुलिंबाचे झाड कोसळले आणि सात जणांचा जीव गेला. दिवसभर तापणाऱ्या आपल्या वऱ्हाडात असे वादळ अचानक येते कुठून, हे समजून घेणे प्रत्येकाच्या कामाचे आहे.

सुरुवात आपल्या वावरातूनच होते. एप्रिल-मे महिन्यात वावरे मोकळी असतात. काळी जमीन उन्हाने तापते, तिच्यालगतची हवा तापून हलकी होते अन् वर चढू लागते. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून ही हवा फुगते आणि फुगता फुगता थंड होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडली की ती बोटाला गार लागते, तसाच हा प्रकार. दर किलोमीटरला साधारण 10 अंश तापमान उतरते. म्हणजे खाली 42 अंश असलेली हवा 3 किलोमीटर वर गेली की 12 अंशांवर येते.

हवा कोरडी असेल तर गोष्ट इथेच संपते. फार तर वावटळ उठते. पण बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे आले, तर वर गेलेल्या वाफेचे पाण्याचे थेंब बनतात. ढगाचा तळ सपाट दिसतो, तो याच उंचीवर. आता खरी गंमत. माठातले पाणी झिरपून उडताना उष्णता घेऊन जाते, म्हणून माठ गार राहतो. ढगात याच्या उलटे होते. वाफेचे पाणी होताना ती उष्णता परत बाहेर पडते. त्यामुळे ढगातली हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा गरमच राहते आणि आणखी जोरात वर जाते. म्हणूनच घामाघूम करणारा उकाडा झाला की जुनी माणसे आभाळाकडे पाहतात.

असा ढग 12 ते 15 किलोमीटरपर्यंत चढतो. त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. वरच्या भागात बर्फाचे कण अन् गारा एकमेकांवर घासून वीज साठते. वर जाणारी हवा गारांना तोलून धरते. वजन पेलवेनासे झाले की गारा खाली येतात, अन् संत्रा, लिंबू, कांद्याचे नुकसान होते. ढगाची रुंदी काही किलोमीटरच असते, म्हणून एका शिवारात गारा आणि शेजारच्या शिवारात कोरडे, असे होते.

पाऊस पडू लागला की थेंब हवेला सोबत खाली ओढतात. काही थेंब वाटेतच उडून जातात, त्याने हवा गार आणि जड होते. ती जमिनीवर आदळून चहूबाजूंनी पसरते. हेच वावधन. ते पावसाच्या आधी येते. म्हणून गरम हवेत एकदम गार झुळूक लागली आणि दूर धुळीचा लोट दिसला, तर हाती थोडीच मिनिटे आहेत, असे समजावे.

अशा वेळी झाडाखाली किंवा झाडालगतच्या टिनशेडखाली थांबू नये, पक्के घर गाठावे. झाडाला बांधलेली जनावरे आधीच हलवावीत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर वावरात थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. वावरातच अडकलात तर झाड आणि विजेच्या खांबापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोफत ॲप जवळपासच्या विजांचा इशारा मोबाईलवर देते. घरातल्या एकाच्या तरी मोबाईलमध्ये ते असू द्यावे.