सेक्टर रोटेशन म्हणजे काय? आपल्या ईटीएफ पोर्टफोलिओचा आढावा मोबाईलवरच असा घ्या

आमच्या ढाणकीत पिकांची फेरपालट कुणाला शिकवावी लागत नाही. खरिपात सोयाबीन, मागून हरभरा, हे सगळ्यांना पाठ आहे. शेअर बाजारातलं सेक्टर रोटेशन ऐकायला तसंच वाटतं. कधी बँका, कधी आयटी, कधी फार्मा, ज्याचे दिवस येतील असं वाटतं तिकडे पैसे फिरवायचे. फरक एवढाच, की मृग कधी लागतो ते कॅलेंडरवर असतं, सेक्टरचं नसतं.

हे फिरवणं ईटीएफमुळे सोपं झालं. ईटीएफ म्हणजे अनेक शेअर्सची एक टोपली, जी शेअरसारखीच ॲपवर विकत घेता येते. भारतातला पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, २००१ च्या डिसेंबरमध्ये आला. आता बँक, आयटी, फार्मा असे वेगवेगळ्या क्षेत्रांचेही मिळतात.

धोका कुठे आहे?

निफ्टी आयटी निर्देशांक २०२१ मध्ये जवळपास ६० टक्के वाढला. ते बघून जे आत शिरले, त्यांना २०२२ मध्ये सुमारे २६ टक्क्यांची घसरण बघावी लागली. त्याच २०२२ मध्ये सरकारी बँकांचा निर्देशांक मात्र सुमारे ७० टक्के वर गेला. म्हणजे मागच्या वर्षीचा हिरो बघून खरेदी करणं हे रोटेशन नाही, ती मागून धावाधाव झाली. म्हणूनच मी दर सहा महिन्यांनी माझ्या पोर्टफोलिओचा आढावा घेतो.

मी काय काय तपासतो?

१. साध्या निफ्टीशी तुलना: ॲपवरचा हिरवा आकडा पुरेसा नाही. तेच पैसे त्याच तारखांना निफ्टी ५० च्या ईटीएफमध्ये टाकले असते तर किती झाले असते? गुगल शीटमध्ये एक्सआयआरआर हे फंक्शन वापरून दोन्हींचा वार्षिक परतावा काढा.

२. खर्च आणि कर: समजा १० हजारांवर आठ महिन्यांत १,००० रुपये नफा झाला आणि तुम्ही विकलं. १२ महिन्यांच्या आतल्या नफ्यावर २० टक्के कर, म्हणजे करपात्र असाल तर २०० रुपये गेले. विकताना डीपी चार्ज साधारण २० रुपये धरा. हातात उरले ७८०. तेवढ्याच काळात निफ्टी ईटीएफ ८०० रुपये वाढला असेल, तर इतकं फिरवून आपण मागेच! शिवाय तो वर्षभरानंतर विकला, तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही.

३. तेच ते दोनदा: निफ्टी ५० मध्ये साधारण एक तृतीयांश वजन बँका आणि वित्त कंपन्यांचंच असतं. त्याच्या जोडीला बँक ईटीएफ घेतला, तर वाटतं दोन टोपल्या आहेत, पण आत बरेच शेअर्स तेच.

४. विकायला गिऱ्हाईक आहे का: काही सेक्टर ईटीएफची उलाढाल खूप कमी असते. फंड कंपनीच्या वेबसाइटवर आयएनएव्ही, म्हणजे त्या क्षणाची खरी किंमत, बघा. बाजारभाव त्यापेक्षा बराच वर असेल तर थांबा. ऑर्डर नेहमी लिमिटचीच टाका, मार्केटची नको.

५. घेतलं कशासाठी होतं: प्रत्येक खरेदीचं कारण मी एका ओळीत मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवतो. आढाव्याच्या दिवशी ते कारण अजून खरं आहे का, एवढंच बघायचं. कारण टिकून असेल, तर नुसता भाव पडला म्हणून विकायचं नाही.

मग किती पैसे ठेवायचे?

माझा नियम साधा आहे. मोठा हिस्सा निफ्टीसारख्या व्यापक ईटीएफमध्ये आणि फार तर पाचवा हिस्सा सेक्टरमध्ये. दोन-तीन आढावे लागोपाठ निफ्टीच्या मागे राहिलो, तर सेक्टरचा हिस्सा आणखी कमी.

आणि गावाकडच्या मित्रांसाठी खास: सोयाबीन-कापसाचे जे पैसे जूनमध्ये बियाण्या-खताला लागणार आहेत, ते सेक्टर ईटीएफमध्ये अजिबात टाकू नका. बाजार पडलेला असला म्हणून पेरणी थांबत नाही, आणि नेमकं तेव्हाच तोट्यात विकावं लागतं. ते पैसे बँकेतच बरे.