डिस्ट्रिब्यूटर फिरवण्याआधी

बोटीचं इंजिन सुरू होताना अडखळतं, जोर लावत नाही किंवा कार्ब्युरेटरमधून फटाका वाजतो. असं काही झालं की 'टायमिंग गेलं' असं म्हणून हात थेट सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडे जातो. तो हात थोडा वेळ आवरावा. एकदा डिस्ट्रिब्यूटर जागचा हलला की मूळ दोष आणि आपण घातलेला दोष वेगळे ओळखणं कठीण होतं.

हा लेख पेट्रोल इंजिनापुरता आहे. कोकण किनाऱ्यावरच्या मासेमारी ट्रॉलरचं इंजिन डिझेलवर चालतं, त्यात ठिणगीच नसते. तिथं इंधन फवारण्याची वेळ जुळवतात आणि ते काम निराळं. अमेरिकेतल्या पेट्रोल बोटींत मात्र जनरल मोटर्सचं ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन सर्रास दिसतं. मूळ शेव्हरोले मोटारीचं हे इंजिन मर्क्रूझर आणि व्होल्व्हो पेंटा या दोघांनीही बोटींसाठी वापरलं. उदाहरणादाखल तेच घेऊ.

आधी टायमिंग म्हणजे काय ते पाहू. दट्ट्या (पिस्टन) सिलिंडरच्या अगदी वर पोचतो, त्या क्षणाला मेकॅनिक 'टीडीसी' म्हणतात. मिश्रण पेटून पुरता दाब तयार व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून ठिणगी त्याच्या आधीच पडावी लागते. किती आधी, ते क्रँकच्या फिरण्याच्या अंशांत मोजतात. वेग वाढेल तशी ठिणगी आणखी लवकर पडते, हा 'ॲडव्हान्स'.

ठिणगी उशिरा पडली तर इंजिन मरगळतं आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. फार लवकर पडली तर स्टार्टरला उलटा धक्का बसतो आणि जोर लावताना नोकिंग, म्हणजे आतली ठकठक, सुरू होते. मोटारीत ती ऐकू येते, बोटीत इतर आवाजात बुडून जाते. शिवाय बोट म्हणजे कायम घाट चढणारा ट्रक. तिला उतार कधी मिळतच नाही. त्यामुळे चार-पाच अंश जास्त दिलेलं टायमिंग इथं पिस्टनला भोक पाडू शकतं.

काम सुरू करताना इंजिनघराचं झाकण उघडून वास घ्यावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचून राहते. वास आला तर ठिणगी पडेल असं काहीही करू नये, गळती शोधावी. वास नसला तरी वाफ बाहेर काढणारा ब्लोअर किमान ४ मिनिटं चालवावा. बोट जमिनीवर असेल तर इंजिनला नळीनं पाणी द्यावं, नाहीतर पाणीपंपाचा रबरी इंपेलर बघता बघता जळतो.

आता डिस्ट्रिब्यूटरची कॅप, तिच्याखाली फिरणारा रोटर, प्लग आणि वायरी बघाव्यात. खाऱ्या हवेत कॅपच्या आत हिरवट बुरशीसारखा गंज धरतो. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. दोन वायरी अदलाबदल झाल्या तरी लक्षणं हुबेहूब टायमिंगचीच दिसतात. दोन इंजिनांच्या जुन्या बोटीत एक इंजिन बहुधा उलटं फिरतं आणि त्याचा क्रमही वेगळा असतो, हे ध्यानात ठेवावं.

डिस्ट्रिब्यूटरमध्ये जुन्या पद्धतीचे पॉइंट असतील तर त्यांची फट आधी जुळवावी, टायमिंग नंतर. फट बदलली की टायमिंग आपोआप सरकतं. हा क्रम उलटा केला की दोनदा काम होतं.

मग कॅप काढून रोटर हातानं फिरायच्या दिशेनं ढकलून सोडावा. तो स्प्रिंगनं चटकन मागं यायला हवा. रेंगाळला, तर आतली ॲडव्हान्सची वजनं गंजून अडकली आहेत. (इलेक्ट्रॉनिक ॲडव्हान्स असेल तर ही वजनं नसतात.)

आता सगळ्यात फसवी जागा: क्रँकपुलीवरची खूण. पुलीमागच्या बॅलन्सरची बाहेरची कडी आणि आतला भाग यांच्यामध्ये रबर असतं. वर्षानुवर्षांनी ते सुटतं, कडी सरकते आणि तिच्यावरची खूणही. अशी खोटी खूण बघून केलेलं टायमिंग कितीही काळजीनं केलं तरी चुकणारच. म्हणून बॅटरीची जोडणी सोडवून, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन-स्टॉप नावाचा बोल्टसारखा अडसर बसवावा आणि क्रँक पान्यानं सावकाश फिरवावा. दोन्ही दिशांनी जिथं अडेल तिथं पुलीवर खडूची रेघ ओढावी. खरा टीडीसी त्या दोन रेघांच्या बरोबर मध्ये. जुनी खूण तिथं नसेल तर नवी रंगवावी आणि अडसर काढावा. डिस्ट्रिब्यूटर कोणी काढून बसवला असेल तर आणखी एक शंका घ्यावी: दट्ट्या दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, पण ठिणगी दाबाच्या वेळीच हवी. प्लगच्या भोकावर बोट धरून क्रँक फिरवावा. हवा बोटाला ढकलते तीच ती वेळ.

मग प्लग आणि बॅटरी पुन्हा जोडून टायमिंग लाइट लावावा. हा खुणेवर झगमगणारा दिवा. त्याचा चिमटा पहिल्या सिलिंडरच्या वायरीवर बसतो. इंजिन गरम आणि आयडलवर हवं. अंशांचा आकडा इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावा. या इंजिनाच्या बऱ्याच बोटींत तो ८ किंवा १० असतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर मॉड्यूलला आधी 'बेस टायमिंग'वर आणावं लागतं. मर्क्रूझरच्या थंडरबोल्ट-५ इग्निशनमध्ये त्यासाठी ठरावीक वायर अर्थ करतात. हे राहिलं तर मॉड्यूल स्वतःच टायमिंग हलवत राहतं आणि आपण त्याच्यामागं धावतो.

खूण स्थिर दिसते आहे का? थरथरत पुढंमागं उडत असेल तर टायमिंगची साखळी किंवा डिस्ट्रिब्यूटरचा गिअर झिजला आहे. तिथं फिरवाफिरवीचा उपयोग नाही.

इतकं सगळं ठीक असेल तरच डिस्ट्रिब्यूटरचा खालचा बोल्ट किंचित सैल करावा. नेहमीच्या इंजिनात वरून पाहता रोटर घड्याळाच्या दिशेनं फिरतो; डिस्ट्रिब्यूटर त्याच्या उलट वळवला की टायमिंग लवकर होतं. बोल्ट आवळताना तो हमखास हलतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा बघावं. मग वेग हळूहळू वाढवून खूण सलग वर चढते का, एका जागी थांबते का, तेही पाहावं.

शेवटची चाचणी पाण्यावर. पूर्ण थ्रॉटलला इंजिन पुस्तकातल्या फेऱ्यांपर्यंत पोचलं नाही, तरी टायमिंगला हात लावू नये; आधी प्रोपेलर आणि तळाला चिकटलेलं शेवाळ बघावं. परत आल्यावर प्लग काढावेत. चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चमकते ठिपके दिसले तर आत नोकिंग चालू आहे: टायमिंग दोन-तीन अंश मागं घ्यावं आणि पेट्रोल किती ऑक्टेनचं भरलं होतं ते विचारावं.