ओला कचरा वस्तीतच जिरवू, पाळी मात्र प्रत्येक घराची

एक दिवस टिप्पर आला नाही, की वस्तीच्या कोपऱ्यावरचं कोंडाळं भरून वाहू लागतं. कालचा भात, भाजीची देठं, चहाचा चोथा, प्लास्टिक, सगळं एकाच पिशवीत. दुपारपर्यंत माश्या घोंगावतात, रात्री उंदीर-घुशी येतात. या माश्याच जुलाब आणि टायफॉइडचे जंतू ताटापर्यंत आणतात, तर उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो.

पिशवी उचलली गेली म्हणून प्रश्न संपत नाही. कसबा बावड्याच्या लाइन बाजारातला झूम कचरा डेपो कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. अशा मोठ्या ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. तिथे खरकटं कुजतं आणि मिथेन वायू तयार होतो. हा वायू पेटतो, म्हणून डेपोला आगी लागतात. शिवाय पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे 28 पट, आणि वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे 80 पट जोरकस आहे. तापमान वाढलं, की पहिला चटका पत्र्याच्या घरालाच बसतो.

तेच खरकटं हवा खेळती ठेवून कुजवलं, तर मिथेन अगदी थोडा तयार होतो आणि हाती खत येतं.

दहा घरांचा हिशेब

एका घरातून रोज अर्धा किलो ओला कचरा धरला, तर दहा घरांचा 5 किलो, म्हणजे वर्षाला सुमारे 1,800 किलो होतो. त्यासाठी विहाराच्या आवारात किंवा मोकळ्या कोपऱ्यात, विटांमध्ये फटी ठेवून, तीन फूट लांब-रुंद-उंच असे तीन हौद बांधावेत. वर पत्रा हवाच. आपल्याकडचा पाऊस साधा नाही.

तळाला काटक्या घालाव्यात. एक घमेलं ओल्या कचऱ्यावर दोन घमेली सुकं टाकावं: पालापाचोळा, उसाचं पाचट, रसवंतीवरची वाळलेली चिपाडं बारीक करून. मूठभर जुनं शेणखत टाकलं, की काम लवकर सुरू होतं. आठवड्यातून एकदा ढीग वरखाली करावा. मूठ दाबल्यावर ओल लागावी, पण पाणी गळू नये. वास आला किंवा अळ्या दिसल्या, तर ओल जास्त झाली असं समजून सुकं वाढवावं. पहिला हौद भरला, की दुसरा, मग तिसरा. दोन-तीन महिन्यांत पहिल्यातलं खत काळं, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचं होतं.

मटणाची हाडं, तेलकट रस्सा यांमुळे कुत्री-उंदीर येतात. ते सुरुवातीला टाळावं. डायपर, सॅनिटरी पॅड, औषधं कधीच टाकू नयेत. ढीग हलवताना हातमोजे घालावेत, नाक-तोंड झाकावं, नंतर साबणाने हात धुवावेत. दम्याच्या रुग्णांनी हे काम करू नये.

पाळी कुणाची?

खरी अडचण इथे आहे. कचरा सगळ्यांचा, पण हात घालायचा कुणी? शहराची घाण उपसणारे हात बहुतेक आपल्याच माणसांचे राहिले आहेत. जातीने माथी मारलेली कामं झुगारा, असं बाबासाहेबांनी सांगितलं. मग आपल्याच वस्तीत हे काम सफाई कामगाराच्या घरावर किंवा फक्त बायकांवर ढकलायचं का? विहारात पाळीपत्रक लावा. प्रत्येक घराचा आठवडा ठरवा, पुरुषांची नावंही त्यात लिहा.

कोल्हापुरात 'अवनि' आणि 'एकटी' या संस्थांसोबत काम करणाऱ्या कचरावेचक महिलांनी गणेशोत्सवातलं निर्माल्य वेगळं करून त्याचं खत करण्याच्या कामाला हात लावला आहे. त्यांचं कौशल्य शिकायला बोलवा आणि त्याचा मोबदला द्या.

महापालिकेकडेही मागणी करा: जागा, विटा, पत्रा, आणि सुका कचरा वेगळा उचलणारी गाडी. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याचं बंधन 2016 च्या घनकचरा नियमांनीच घातलं. रोज 100 किलोहून अधिक कचरा करणारी हॉटेलं आणि मंगल कार्यालयं याच नियमांत 'मोठे कचरा उत्पादक' ठरली. आपली दहा घरं आपला वाटा उचलतील. त्यांनीही त्यांचा उचलावा, हे विचारण्याचा अधिकार मग आपल्याला जास्त ठामपणे वापरता येईल.

सुरुवात आज घरात दोन डबे ठेवून करा.