गणपतीचा मांडव, जत्रेतली दुकानं आणि आपली घरपट्टी: नगरपरिषद उत्सवावर खर्च कसा करते?

गणपती आठ दिवसांवर आले की लहान शहरांत ठरलेली लगबग सुरू होते. वर्षभर न बुजलेले खड्डे विसर्जन मार्गावर मात्र दोन रात्रींत बुजतात. बंद पडलेले पथदिवे लागतात. घाटावर जेसीबी येतो, निर्माल्य कलश येतात. आणि मग शहराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटतो.

एक जण लिहितो, 'नगरपरिषद आपल्या कराचे पैसे उत्सवावर उधळते.' दुसरा लिहितो, 'नगरपरिषद मंडळांना दमडी देत नाही, उलट परवानग्यांसाठी हेलपाटे घालायला लावते.'

दोघंही थोडे थोडे बरोबर असतात. नगरपरिषदेचा उत्सवावर खर्च होतोच, पण तो बहुतेक वेळा 'उत्सव' या नावाने होत नाही. स्वच्छता, दिवाबत्ती, रस्ते दुरुस्ती अशा वेगवेगळ्या नावांखाली तो विखुरलेला असतो. त्यामुळे एका उत्सवाला शहराचे एकूण किती पैसे लागले, हे नागरिकांना कळत नाही आणि अनेकदा नगरसेवकांनाही सांगता येत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या २८८ नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी निवडणुका झाल्या. त्याआधी बहुतेक ठिकाणी तीन-चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. म्हणजे बजेट मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच. आता नगरसेवक परत आले आहेत आणि त्यांना प्रश्न विचारता येतात. पण प्रश्न विचारायचा तर आधी हे सगळं चालतं कसं, ते माहीत हवं.

नगरपरिषद आणि महानगरपालिका यांत फरक काय?

पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा मोठ्या शहरांत महानगरपालिका असते. लहान शहरांचा कारभार 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' या कायद्याने चालतो. लोकसंख्या एक लाखाच्या वर असेल तर 'अ' वर्ग, ४० हजार ते एक लाख असेल तर 'ब' वर्ग आणि त्याखाली 'क' वर्ग नगरपरिषद. गावातून शहर होऊ पाहणाऱ्या ठिकाणी नगरपंचायत असते.

नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडला जातो. प्रशासनाचा प्रमुख असतो मुख्याधिकारी, आणि तो राज्य सरकार नेमतं. कागदावर सही मुख्याधिकाऱ्याची, सभेत ठराव नगरसेवकांचा आणि शहरात चर्चा नगराध्यक्षांची, असा हा तीन पायांचा कारभार आहे.

बजेट कोण ठरवतं?

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्याआधी मुख्याधिकारी अंदाजपत्रकाचा मसुदा तयार करतात. तो स्थायी समितीपुढे जातो. समिती त्यात फेरफार सुचवते आणि मग अंदाजपत्रक विशेष सभेत सगळ्या नगरसेवकांसमोर मंजुरीसाठी येतं.

दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते: 'नगरपरिषदेचं इतक्या कोटींचं शिलकी अंदाजपत्रक मंजूर, करवाढ नाही.' हा आकडा मोठा दिसतो, पण त्यातला बराचसा भाग केंद्र आणि राज्याच्या योजनांचा असतो. पाणीपुरवठा योजनेसाठी आलेला पैसा पाण्यावरच खर्च करावा लागतो. त्यातून चौक सजवता येत नाही.

मग नगरपरिषदेच्या हातात पैसा किती असतो?

पूर्वी नगरपरिषदांकडे जकातीचं हक्काचं उत्पन्न होतं. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात रद्द झाली. त्याबदल्यात राज्य सरकार सहायक अनुदान देतं आणि त्याचा मोठा वाटा कर्मचाऱ्यांच्या पगारात जातो.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी लहान शहरांना निधी दिला, पण त्याचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला होता. उरलेल्या ४० टक्क्यांतूनही पगार आणि आस्थापना खर्च करायला मनाई होती.

म्हणजे सभेला स्वतःच्या मर्जीने खर्च करता येईल असा पैसा मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि बाजार फी यांतूनच येतो.

एक सोपं गणित करून पाहू. समजा, एका शहरात १२ हजार मिळकती आहेत आणि सरासरी घरपट्टी वर्षाला दीड हजार रुपये आहे. एकूण मागणी झाली १ कोटी ८० लाख. वसुली ७० टक्के झाली तर हातात आले १ कोटी २६ लाख, आणि थकले ५४ लाख. त्यातही दिव्यांग कल्याण, महिला व बालकल्याण यांसाठी ठरावीक टक्के रक्कम राखून ठेवावी लागते. उरलेल्या पैशात अख्ख्या शहराच्या वर्षभराच्या बारीकसारीक गरजा भागवायच्या असतात. उत्सवाचा जादा खर्च याच तोकड्या पैशातून निघतो. म्हणून तो मोजणं महत्त्वाचं आहे.

उत्सवाचा खर्च बजेटमध्ये दिसतो कुठे?

बऱ्याच अंदाजपत्रकांत 'सण-उत्सव, जयंती, पुण्यतिथी' असं एक लेखाशीर्ष असतं. पण राष्ट्रीय सण आणि महापुरुषांच्या जयंत्या साजऱ्या करण्यासाठी ठेवलेली ती छोटी रक्कम असते. खरा खर्च इतरत्र असतो.

विसर्जन घाटावरचे दिवे विद्युत विभागाच्या खात्यात जातात. निर्माल्य उचलणारी गाडी आणि जादा मजूर आरोग्य विभागाच्या खात्यात. मिरवणुकीच्या रस्त्यावरचे खड्डे बांधकाम विभागाच्या खात्यात. पिण्याच्या पाण्याचे टँकर पाणीपुरवठा विभागाच्या खात्यात.

त्यात वेळोवेळी नवी भर पडते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आदेश दिला की, सहा फुटांपर्यंतच्या पीओपीच्या गणेशमूर्ती नदी-समुद्रात नव्हे, तर कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या. पर्यावरणाच्या दृष्टीने हे आवश्यकच होतं. पण तलाव खोदणं, त्यात पाणी भरणं, नंतर गाळ आणि मूर्तींचे अवशेष उचलणं याचा खर्च शेवटी स्थानिक संस्थेवर येतो.

पंढरपूरचं उदाहरण तर सगळ्यांच्या ओळखीचं आहे. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्यांना तिथे बाहेरून लाखो माणसं येतात. शौचालयं, पाणी, कचरा, दिवे सगळं नगरपरिषदेला पाहावं लागतं. केवळ स्थानिक घरपट्टीतून हे झेपणारं नाही, म्हणून राज्य सरकार यात्रा अनुदान देतं. पण प्रत्येक गावच्या जत्रेला असं अनुदान मिळत नाही. तिथे बोजा स्थानिक तिजोरीवरच पडतो.

नगरपरिषद मंडळाला थेट वर्गणी देऊ शकते का?

नगरपरिषदेची कामं कायद्याने दोन गटांत विभागली आहेत. दिवाबत्ती, सफाई, पाणी, गटारं, अग्निशमन, जन्म-मृत्यू नोंदणी ही बंधनकारक कामं. बागा, वाचनालयं, सभागृहं यांसारखी ऐच्छिक कामं. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या १८ विषयांमध्ये सांस्कृतिक बाबींना प्रोत्साहन देणं हाही एक विषय आहे. त्यामुळे संस्कृतीसाठी खर्च करणं नगरपरिषदेच्या कक्षेबाहेरचं नाही.

दुसऱ्या बाजूला घटनेचं कलम २७ आहे. एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी खास वापरला जाणारा कर भरण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, असं ते सांगतं. हज अनुदानाच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. कराचा मोठा हिस्सा एखाद्या धर्मासाठी वापरला तर कलमाचा भंग होतो, तुलनेने छोट्या रकमेने होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

सोप्या भाषेत, विसर्जन घाटावर किंवा उरुसाच्या रस्त्यावर दिवे लावणं ही नागरी सुविधा आहे. गर्दी कुठल्याही धर्माची असो, तिला पाणी आणि उजेड लागतोच. एका मंडळाला पैसे देणं आणि दुसऱ्याला न देणं हा मात्र वेगळा प्रकार आहे. तिथे समान वागणुकीचा प्रश्न उभा राहतो. सभेने बेकायदा ठराव केला असेल, तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात.

मांडवाची परवानगी नेमकं कोण देतं?

इथे मंडळांची खरी दमछाक होते, कारण परवानग्या एका दारात मिळत नाहीत. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेवर मांडव घालायला नगरपरिषदेची परवानगी लागते. ध्वनिक्षेपक आणि मिरवणुकीसाठी पोलिसांची. विजेच्या तात्पुरत्या जोडणीसाठी महावितरणकडे अर्ज. आणि नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी. हे हेलपाटे कमी व्हावेत म्हणून अनेक ठिकाणी 'एक खिडकी' सुरू झाली आहे.

मांडव रस्त्यावर किती जागा अडवू शकतो, यावरून राज्यात मोठी न्यायालयीन लढाई झाली. रस्ता हा चालणाऱ्याचा आणि वाहनांचा आहे, तो अडवून मांडवाला परवानगी देता येणार नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ आणि २०१६ च्या आदेशांत घेतली. मांडवांची पाहणी करण्याची जबाबदारीही यंत्रणेवर टाकली. त्यामुळे रुग्णवाहिका जाईल एवढी वाट सोडली आहे का, हे पाहणं हा नियमाचाच भाग आहे.

आवाजाचे नियम केंद्राचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवता येते. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. ही सवलत तिथे लागू होत नाही.

जत्रेत दुकान लावणाऱ्याचं काय?

उत्सवाच्या चर्चेत हा माणूस नेहमी सुटतो. खेळणी, बांगड्या, भेळ, रेवड्या विकणाऱ्यांसाठी जत्रेचे चार दिवस म्हणजे काही महिन्यांची कमाई असते. त्यांची जागा आणि भाडं ठरतं नगरपरिषदेच्या सभेत.

अनेक ठिकाणी जागेच्या किंवा बाजाराच्या वसुलीचा ठेका लिलावाने दिला जातो. नगरपरिषदेला एकरकमी पैसे मिळतात आणि ठेकेदार विक्रेत्यांकडून वसुली करतो. ठरावात दर एक असतो आणि प्रत्यक्षात दुसराच घेतला जातो, अशा तक्रारी इथूनच सुरू होतात. विक्रेत्याने छापील पावती मागणं आणि नगरपरिषदेने दरांचा फलक लावणं, एवढ्या दोन गोष्टींनी बराच फरक पडतो.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांना आवाज दिला आहे. त्यानुसार प्रत्येक शहरात फेरीवाला समिती असायला हवी, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. ५० वर्षांहून जुन्या पारंपरिक बाजाराला वारसा बाजार म्हणून संरक्षण देण्याची तरतूदही या कायद्यात आहे. तुमच्या गावच्या बाजाराला ती लागू होते का, हा प्रश्न या समितीत उपस्थित करता येतो.

हे सगळं तपासायचं कसं?

नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. सभेआधी विषयपत्रिका निघते. ती वाचताना 'ऐनवेळचे विषय' या ओळीकडे खास लक्ष द्या. आधी न छापलेले खर्चाचे प्रस्ताव तिथून पुढे सरकू शकतात. सभेत काय ठरलं, ते इतिवृत्तात लिहिलेलं असतं.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. शुल्क १० रुपये, प्रत हवी असल्यास पानाला २ रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस.

'उत्सवावर किती खर्च केला?' एवढंच विचारलं तर 'अशी एकत्रित माहिती ठेवली जात नाही' असं उत्तर येण्याची शक्यता जास्त. म्हणून प्रश्न तोडून विचारा. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात विद्युत विभागाने तात्पुरत्या दिव्यांसाठी दिलेल्या बिलांच्या प्रती. आरोग्य विभागाने जादा मजूर आणि वाहनांसाठी दिलेली रक्कम. विसर्जन मार्गाच्या दुरुस्तीचे कार्यादेश. जत्रेच्या जागेच्या वसुलीचा ठेका, त्यातले दर आणि जमा झालेली रक्कम. या चार कागदांची बेरीज केली की खर्च बऱ्यापैकी समोर येतो.

तो जास्तच निघेल असं नाही. कदाचित लाखभर माणसांच्या गर्दीसाठी शहराने फारच कमी पैसे ठेवले होते, असंही दिसेल. घाटावर एकच दिवा का होता किंवा महिलांसाठी शौचालय का नव्हतं, याचं उत्तर त्या बेरजेत सापडेल. आणि ते मार्चआधी सापडलं, तर पुढच्या बजेटच्या सभेत तुमच्या प्रभागाचा नगरसेवक ते मांडू शकेल.