पितळेचा नाद की पोकळीचा?

ट्रंपेट, ट्रॉम्बोन, युफोनियम यांना आपण ‘पितळी वाद्ये’ म्हणतो, आणि या नावामुळेच त्यांचा खणखणीत नाद हा पितळेचाच गुणधर्म होय, असा समज सर्रास रूढ झाला आहे. वस्तुतः वादकाच्या थरथरणाऱ्या ओठांनी नळीतील हवा कंप पावते आणि ऐकू येतो तो त्या वायुस्तंभाचा नाद. धातू ही त्या पोकळीला आकार देणारी भिंत. सॅक्सोफोन पितळेचा असूनही वेताच्या पट्टीने वाजतो म्हणून काष्ठवाद्यांत जमा होतो, तर जुन्या युरोपातील कॉर्नेटो लाकडी असूनही ओठांनी वाजतो म्हणून पितळी कुळात गणला जातो, हा दाखला नावाचा फोलपणा दाखवण्यास पुरेसा आहे. भिंतीची जाडी आणि मिश्रधातूचे प्रमाण यांचा परिणाम असतो. पण आकाराच्या तुलनेत तो फार थोडा.

आकाराचा अंमल केवढा, हे ट्रॉम्बोन आणि युफोनियम शेजारी ठेवले की कळते. दोहोंची नळी सुमारे २.७ मीटर लांब, मूळ स्वरही एकच. परंतु ट्रॉम्बोनची नळी बऱ्याच अंतरापर्यंत एकाच व्यासाची, तर युफोनियमची प्रारंभापासून रुंदावत जाणारी. जोराने फुंकले असता ध्वनितरंगाचा अधिक दाबाचा भाग कमी दाबाच्या भागापेक्षा किंचित वेगाने धावतो, आणि सरळ नळीच्या दीर्घ वाटेत तरंगाची पुढची चढण उभ्या कड्यासारखी होऊन उच्च उपस्वर मुबलक निर्माण होतात. ट्रॉम्बोनची ती झळाळती गर्जना हीच. हा कडा पुढे आघाततरंगाचेही रूप घेतो, हे हिर्शबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवून दिले. रुंदावत्या नळीत तरंग पसरत दुबळा होतो, म्हणून युफोनियम जोरात वाजला तरी मृदूच राहतो. फुंकर वाढली की केवळ आवाज वाढतो, हा समजही येथेच ढासळतो. नादाची जातच पालटते.

पसरट तोंडाविषयीचा गैरसमज मात्र अधिक चिवट आहे, कारण भोंग्याप्रमाणे ते आवाज मोठा करत असावे असेच कोणालाही वाटते. प्रत्यक्षात खालच्या स्वरांचा बहुतांश ध्वनी ते पुन्हा आत परतवते, आणि त्या परतीवरच वायुस्तंभाचा स्थिर कंप, म्हणजे स्वर, टिकून असतो. ट्रंपेटमध्ये सुमारे १,५०० हर्ट्‌झच्या वरचे उपस्वर मात्र फारसे न परतता बाहेर पडतात, आणि तेही बहुधा समोरच्या दिशेने. म्हणूनच ट्रंपेटच्या समोर उभ्या असलेल्याला जो स्वर धारदार लागतो, तोच बाजूला बसलेल्याला सौम्य वाटतो.