घावनाची तजवीज

सावंतवाडीहून बांद्याच्या दिशेने जाताना इन्सुलीचा घाट उतरला, की तपासणी नाका लागतो. आणि गोव्याकडून येणाऱ्या मद्याच्या पेट्यांवर तेथील अंमलदारांची नजर कितीही करडी असली, तरी पाकविद्येने या सरहद्दीवर आजवर कोणताही दाखला दाखविलेला नाही. पलीकडे 1961 पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. तिकडच्या घरांत मैदा, अंडे आणि दूध यांचे पातळ धिरडे करून त्यात गूळ-खोबऱ्याचे सारण गुंडाळण्याचा व त्यास आलेबेले म्हणण्याचा प्रघात पडला. अलीकडे सावंतवाडी संस्थानच्या मुलुखात तेच सारण, ज्यास येथे चून म्हणतात, तांदळाच्या घावनाबरोबर पानात पडत आले. तेव्हा पॅनकेक नावाचा जो पदार्थ आज शहरांतून नवलाईने खाल्ला जातो, त्याची दोन भावंडे या टापूत पूर्वापार शेजारी नांदत आहेत.

अमेरिकेत 1889 साली ‘आंट जेमायमा’ या नावाचे पॅनकेकचे तयार पीठ पुडीतून विकावयास निघाले, आणि घरी पीठ कालविणे हे जणू विशेष कौशल्याचे काम ठरले. वस्तुतः त्या पुडीत मैदा, मीठ आणि पीठ फुगविणारे क्षार यांपलीकडे गूढ असे काही नसते. वाटीभर मैदा, एक अंडे, वाटीभर ताक आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा एवढ्यावर घरचा पॅनकेक सिद्ध होतो. ताकातील आम्ल सोड्याशी संयोग पावून जो वायू सुटतो, त्यानेच तो फुगतो. मात्र मैदा फार घोटला, तर त्यातील चिवट प्रथिनांचे जाळे बळावून पदार्थ रबरासारखा होतो, म्हणून गुठळ्या थोड्या राहिल्या तरी ढवळणे आवरते घ्यावे, हा तेथील मुख्य दंडक.

घावनाचा न्याय याच्या नेमका उलट आहे. तांदळात तसली चिवट प्रथिने नाहीत. त्यामुळे पीठ हवे तितके ढवळावे, किंबहुना ढवळलेच पाहिजे, कारण तांदळाचा अंश क्षणार्धात तळाशी बसतो आणि वर नुसते पाणी उरते. तांदूळ घ्यावयाचा तो सुरय, म्हणजे न उकडलेला. पेजेसाठी वापरतात तो उकडा येथे कामाचा नाही, कारण उकडताना त्यातील पिष्ट आधीच फुगून गेलेले असते. वाटीभर सुरय तांदूळ पाच-सहा तास भिजवून गंधासारखा बारीक वाटावा, मीठ घालावे, आणि एकंदर दोन-अडीच वाट्या पाणी पडेल अशा बेताने ते पीठ पातळ ताकासारखे करावे. नवख्या माणसास एवढे पाणी पाहून धास्ती वाटते व तो हात आखडता घेतो. तेथेच घावन बिघडते, कारण दाट पिठाचे घावन जाड होऊन तडकते.

यानंतर सारा कारभार विस्तवाचा. बिडाचा तवा चांगला तापवून नारळाच्या शेंडीने किंवा अर्ध्या कांद्याने त्यावर तेलाचा हात फिरवावा. पाण्याचा थेंब टाकताच तो नाचू लागला, की पीठ तळापासून ढवळून तव्याच्या कडेने आत असे ओतावे. पिठातील पाण्याची वाफ उसळून बाहेर पडते, तिच्या वाटा तशाच राहतात, आणि घावनास जाळी पडते; तवा मंद असेल तर वाफेस जोर नाही व जाळीही नाही. वर झाकण ठेवावे, मिनिटभराने कडा सुटल्या की घडी घालून काढावे. उलटण्याचे कारण नाही. गरम घावने एकावर एक रचू नयेत, ती चिकटतात. जुन्या घरांतून घावनांचा तवा निराळा राखण्याचा दस्तूर असे, आणि तो सोवळेपणापायी नव्हे: वारंवार तापलेल्या तेलाचा जो गुळगुळीत थर बिडावर बसतो, तो भाकरीच्या कोरड्या आचेने किंवा घासणीने उडतो, आणि मग घावन सुटत नाही.

आंबविलेल्या पिठाच्या आंबोळीस मात्र विस्तवाआधी कालाची मदत लागते. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद आणि चमचाभर मेथी वाटून रात्रभर ठेवली, की धान्याबरोबर आलेले सूक्ष्म जीव पीठ आंबवितात, आणि उडदाचा बुळबुळीतपणा आंबताना सुटणाऱ्या वायूचे बुडबुडे धरून ठेवतो. थंडीच्या रात्री हे काम रेंगाळते, म्हणून भांडे चुलीच्या उबेस ठेवावे. अशाच आंबलेल्या पिठात हळद घालून केलेली खापरोळी गूळ-वेलचीच्या नारळी रसात बुडवून खातात. आंबोळीशी काळ्या वाटाण्याचे सांबार जमते. आणि गौरीच्या नैवेद्यास कोकणात घावन-घाटले मुक्रर झालेले आहे.

पॅनकेक, घावन आणि आंबोळी या तिन्हींत साहित्य स्वस्त आणि सामान्य आहे. महाग आहे तो अंदाज, आणि तो पुडीत भरून विकता येत नाही. म्हणून वाचकांस एवढीच विनंती, की पॅनकेकचे तयार पीठ आणण्यापूर्वी घरी एकदा वाटीभर तांदूळ भिजत घालावा, पाणी घालताना भिऊ नये, आणि तवा तापेपर्यंत धीर धरावा.