टिळकांच्या घरापासून बाबासाहेबांच्या घरापर्यंत, पायी

लंडन, ऑक्टोबर

साठी ओलांडलेल्यांनी लंडनला यायचे तर ऑक्टोबरात यावे आणि चालण्यासाठी यावे, असे आमचे दोघांचे मत झाले आहे. नागपुरात या दिवसांत ऑक्टोबर हीटने जीव नकोसा होतो. इथे दुपारी चौदा-पंधरा अंश. स्वेटर आणि वर पातळ रेनकोट एवढ्यावर भागते. राजवाडे, मोठे चाक, मेणाचे पुतळे तरुणांनी पाहावेत. तिकिटांचे पैसे आणि रांगेतली पायपीट, दोन्ही वाचतात.

आम्हाला सर्वांत आवडलेली वाट कालव्याकाठची. वॉरिक अव्हेन्यू स्टेशनला उतरले की जवळच हाउली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. तिथल्या दहा नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे: लोकमान्य टिळक इथे 1918-19 मध्ये राहिले. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर भरलेल्या बदनामीच्या दाव्यासाठी ते आले, तेव्हा वय 62. दावा हरले, तरीही मजूर पक्षाच्या मंडळींना भेटत स्वराज्याची बाजू मांडत राहिले. ज्याला ब्रिटिश सरकारने सहा वर्षे मंडालेत डांबले, त्याच्या नावाची पाटी 1961 मध्ये इथल्याच काउंटी कौन्सिलने लावली. घर खासगी आहे, तेव्हा रस्त्यावरूनच नमस्कार करायचा.

तिथून रीजंट्स कालवा धरायचा. हा 1820 मध्ये पूर्ण झाला, कोळसा-लाकूड वाहण्यासाठी. बोटी घोडे ओढत. घोड्यांची ती वाट आज चालणाऱ्यांची आहे. मध्ये एका बोगद्यापाशी वर रस्त्यावर यावे लागते, एरवी मोटार आडवी येत नाही. सायकलवाले मात्र येतात. घंटी वाजली की घाबरून इकडेतिकडे न करता सरळ चालत राहावे, ते वळसा घालून जातात.

रीजंट्स पार्कजवळच्या मॅकल्सफील्ड पुलाखाली ह्यांनी मला थांबवले. लोखंडी खांबांवर घोड्यांच्या दोरांनी बोट बसेल इतक्या खोल खाचा पडल्या आहेत, आपल्याकडे जुन्या विहिरीच्या काठाला दोराने पडतात तशा. 2 ऑक्टोबर 1874 ला दारूगोळा नेणाऱ्या बोटीचा इथे स्फोट होऊन पूल उडाला. पुन्हा बांधताना तेच खांब फिरवून बसवले, म्हणून खाचा दोन्ही अंगांना दिसतात. निवृत्त अभियंत्याला एवढे पुरे. अर्धा तास गेला. पुढे प्राणिसंग्रहालयातला माकडांचा उंच जाळीचा पिंजरा कालव्यावरूनच दिसतो, फुकटात.

नंतर प्रिमरोझ हिल. सेमिनरी हिल्सला रोज जाणाऱ्याला ही टेकडी काहीच नाही, पण माथ्यावरून अख्खे शहर दिसते. बाकांवर बारीक अक्षरांत नावे कोरलेली: अमुक बाईंना ही जागा आवडायची, म्हणून मुलांनी बाक दिला. आपल्याकडे देणगीदाराचे नाव मोठे असते, इथे गेलेल्या माणसाचे. मला हे बरे वाटले.

टेकडी उतरून पलीकडे किंग हेन्रीज रोड, घर नंबर दहा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना बाबासाहेब 1921-22 मध्ये इथे राहिले. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये घर विकत घेऊन स्मारक केले. पण राहत्या घराचे संग्रहालय करायचे तर इथे पालिकेची परवानगी लागते, मग मालक एखाद्या राज्याचे सरकार का असेना. शेजाऱ्यांनी हरकत घेतली, कॅम्डनच्या पालिकेने नकार दिला, रीतसर चौकशी झाली आणि 2020 मध्ये मंत्र्यांनी परवानगी दिली. हरकत पटो न पटो, ती ऐकून घेण्याची रीत पक्की आहे. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लोटणारी गर्दी आम्ही वर्षानुवर्षे पाहिली आहे. इथे मात्र दोन्ही बाजूंना झाडे, पायाखाली पिवळी पाने आणि एकसारख्या घरांच्या ओळीतले हे एक घर.

सगळे मिळून चारेक किलोमीटर. बाक भरपूर आहेत, स्वच्छतागृहे कमी. उद्यानातले सापडले की सोडू नये. स्मारकाच्या वेळा निघण्याआधी पाहून घ्या. आणि येणार असाल तर ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उजाडण्याआधी या. त्या दिवशी घड्याळे तासभर मागे जातात आणि मग पाचच्या आत अंधार पडतो.